सात मस्तकांचा सर्प आणि बदकाच्या चोचीचा प्राणी

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या मासळी बाजारात पाकट मासा आपण पाहिला असेल. पाठीकडून पाहिला तर तो चपटा, पतंगासारखा दिसतो आणि मागे चाबकासारखी शेपटी असते. आता तो उलटा करा. पांढऱ्या पोटावर चक्क एक चेहरा दिसतो! वर दोन डोळे आणि खाली किंचित वाकडे, हसल्यासारखे तोंड. शिक्षकांच्या शिबिरांत आम्ही हा मासा असा उलटा ठेवतो आणि विचारतो, ''याचे डोळे कोठे आहेत?'' बहुतेकांचे बोट त्या वरच्या दोन खाचांकडे जाते. प्रत्यक्षात त्या खाचा म्हणजे माशाची घ्राणछिद्रे. खरे डोळे पाठीच्या बाजूला असतात.

नजरेच्या या साध्या चुकीवर युरोपात काही शतके एक धंदा चालला. पाकट वाळवून त्याचा 'राक्षस' करायचा आणि तो हौशी संग्राहकाला विकायचा, असा तो धंदा होता. अशा बनावट प्राण्यांचा इतिहास करमणूक करणारा तर आहेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखादी गोष्ट खरी की खोटी हे विज्ञान कसे ठरवते, आणि ते ठरवताना वैज्ञानिकही कोठे चुकतात, हे त्यात स्पष्ट दिसते.

पाकटाचा राक्षस

पाकट आणि मुशी हे कूर्चामासे. आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशी लवचीक कूर्चा त्यांच्या सांगाड्यात असते, कठीण हाड नसते. ताज्या पाकटाला त्यामुळे हवा तसा आकार देता येतो. बाजूचे रुंद पर कापून त्यांचे पंख करायचे, मान दिसावी म्हणून डोक्यामागे दोरी आवळायची, शेपटी वळवायची. नर माशाच्या शेपटीच्या मुळाशी मिलनासाठी उपयोगी पडणारे दोन लांबट अवयव असतात. ते झाले पाय. मग हे सगळे उन्हात वाळवायचे. पाणी निघून गेले की कूर्चा आणि कातडी आक्रसतात, कडक होतात आणि दिलेला आकार कायम राहतो. वरून रोगणाचा हात दिला की झाला पंखवाला राक्षस तयार! अशा वस्तूला इंग्रजीत 'जेनी हॅनिव्हर' असे नाव पडले.

स्वित्झर्लंडमधील निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर यांनी प्राण्यांवरील आपल्या प्रचंड ग्रंथाच्या १५५८ साली निघालेल्या खंडात अशा एका वाळवलेल्या पाकटाचे चित्र छापले आणि ही फसवणूक आहे असा इशारा वाचकांना दिला. औषधे विकणारे आणि गावोगाव फिरणारे भोंदू लोक पाकटाला सर्पाचे किंवा ड्रॅगनचे रूप देतात, हे त्यांनी नोंदवून ठेवले. म्हणजे ही लबाडी ४५० वर्षांपूर्वीच उघड झाली होती. तरीही धंदा थांबला नाही. तो काळ समुद्रप्रवासांचा होता. दूरदेशांतून रोज नवा प्राणी युरोपात येत होता. ज्यांनी गेंडा किंवा आर्माडिलो कधी पाहिला नव्हता त्यांना पंखवाला सर्प तरी अशक्य का वाटावा? राजेरजवाडे, धनिक, वैद्य यांच्या घरी चमत्कारिक वस्तूंची दालने असत आणि त्यांत दुर्मिळ प्राण्याला मोठी किंमत मिळे.

हॅम्बुर्गचा सप्तमुखी सर्प

असाच एक अमोल समजला जाणारा नमुना जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात होता. सात माना, सात मस्तके, अंगावर सापाची कातडी आणि पुढे नखे असलेले दोन पाय. आम्सटरडॅमचे प्रसिद्ध संग्राहक आल्बर्टस सेबा यांनी १७३४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सचित्र ग्रंथात या 'हायड्रा'चे चित्र छापले होते. डेन्मार्कच्या राजाने पूर्वी त्यासाठी ३०,००० थालर देऊ केले होते असे सांगितले जाई.

१७३५ साली स्वीडनचा एक तरुण हॉलंडला जाताना वाटेत हॅम्बुर्गला थांबला. त्याचे नाव कार्ल लिनिअस. वय तिशीच्या आत आणि नाव अजून फारसे कोणाला ठाऊक नाही. त्याने हायड्रा नीट पाहिला. सातही जबडे आणि पाय त्याला ओळखीचे वाटले. ते वीझल या मुंगसाएवढ्या मांसाहारी सस्तन प्राण्याचे होते. त्यांच्यावर सापाची कातडी चिकटवली होती.

लिनिअसला हे कसे कळले असेल? सापाच्या तोंडात सगळे दात साधारण एकाच घडणीचे, मागे वळलेले आणि टोकदार असतात. सस्तन प्राण्यांत मात्र पटाशीचे दात, सुळे आणि दाढा असे वेगवेगळे प्रकार दिसतात. सापाच्या तोंडात सस्तन प्राण्याची दंतपंक्ती दिसली की शिवण शोधण्याचीसुद्धा गरज उरत नाही. लिनिअसचा दुसरा आक्षेप अधिक मूलभूत होता. एका शरीराला एकाहून अधिक खरी मस्तके देणे हा निसर्गाचा रिवाज नाही, असे त्याने म्हटले. एखाद्या मठातील साधूंनी धर्मग्रंथातील श्वापद लोकांना दाखवण्यासाठी हा सांगाडा जुळवला असावा असा त्याचा तर्क होता.

त्याने हे उघडपणे सांगितले आणि हायड्राची किंमत मातीमोल झाली. मालक शहराचे प्रतिष्ठित कारभारी होते आणि वस्तू विकण्याच्या खटपटीत होते. त्यांचा रोष ओढवू नये म्हणून लिनिअसने लवकरच हॅम्बुर्ग सोडले, असे त्याच्या चरित्रांत सांगितले आहे.

त्याच वर्षी लिनिअसचा 'सिस्टिमा नॅच्युरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या तक्त्यात त्याने 'पॅराडॉक्सा' म्हणजे 'विसंगत' असा एक वेगळा रकाना ठेवला होता. त्यात हायड्रा होता, एकशिंगी घोडा होता, फिनिक्स पक्षी होता. ड्रॅगनही होता, त्याच्यापुढे लिनिअसने लिहिले की हा एक तर पंखवाला सरडा असावा किंवा कृत्रिमरीत्या घडवून वाळवलेला पाकट.

या पंखवाल्या सरड्याची गोष्ट जाता जाता सांगायला हवी, कारण ती शरीररचनेचा एक सुंदर धडा देते. कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्याला अवयवांच्या दोनच जोड्या असतात. पक्ष्याचे आणि वटवाघळाचे पंख म्हणजे त्यांचे बदललेले पुढचे पाय. म्हणून चार पाय आणि शिवाय दोन पंख असलेला ड्रॅगन चित्रात दिसला की त्याला अवयवांच्या तीन जोड्या होतात आणि आपण 'अशक्य' म्हणतो. पण गोव्यापासून केरळपर्यंतच्या सह्याद्रीच्या जंगलांत उडता सरडा खरोखर आहे! त्याला चार पाय आहेत आणि पंखही आहेत. मग नियम मोडला का? नाही. त्याचे 'पंख' म्हणजे लांब वाढलेल्या बरगड्यांवर ताणलेली कातडी. ती पसरून तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. या सरड्यांच्या प्रजातीला (म्हणजे 'जीनस'ला) लिनिअसने नंतर 'ड्रॅको' हेच नाव दिले. नियम योग्यच होता. फक्त 'पंख' दिसला की तो अवयवच असणार, हे आपले गृहीत चूक होते.

बदकाची चोच, बीव्हरची शेपटी

या गोष्टीला आता वेगळे वळण मिळते. ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर जॉन हंटर यांनी १७९८ साली एका प्राण्याचे कातडे इंग्लंडला पाठवले. अंगावर दाट मऊ केस, बीव्हरसारखी चपटी शेपटी, पायांच्या बोटांत पडदे आणि तोंडाच्या जागी बदकाची चोच.

ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांच्यापुढे असे कातडे आले तेव्हा त्यांची अडचण काय असेल याची कल्पना करा. ड्रॅगन आणि हायड्रा यांनी यापूर्वी मोठमोठ्यांना फसवले होते. पूर्वेकडील समुद्रांतून येणाऱ्या जहाजांवर शिवून तयार केलेल्या जलपऱ्या विकत मिळत. ऑस्ट्रेलियाचे हे नमुने त्याच समुद्रांतून आल्यामुळे अनेक जाणकारांना ते प्रथम बनावट वाटले, असे रॉबर्ट नॉक्स या शरीरशास्त्रज्ञाने १८२३ साली लिहून ठेवले आहे. शॉ यांनी चोच आणि कातडे यांचा सांधा बारकाईने तपासला. त्यांनी कात्री घेऊन टाके शोधले असेही सांगतात. टाके सापडले नाहीत.

१७९९ साली शॉ यांनी या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ते करताना त्यांनी आपली शंका लपवली नाही. हे पाहून कोणालाही फसवणुकीचा संशय येईल, आपल्यालाही तो आला, आणि अशा बाबतीत संशय घेणे योग्यच आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तरीही तपासणीत खोटेपणा आढळला नाही म्हणून त्यांनी प्राण्याला नाव दिले. पुढच्या वर्षी जर्मनीच्या ब्लूमेनबाख यांनी दुसऱ्या नमुन्यावरून त्याला जे नाव दिले त्यात 'पॅराडॉक्सस' हा शब्द होता. लिनिअसच्या विसंगत प्राण्यांच्या रकान्याची येथे आठवण होते. १८०२ साली एव्हरार्ड होम यांनी मद्यार्कात टिकवलेल्या नमुन्यांचे विच्छेदन करून आतील रचना प्रसिद्ध केली. कातडे शिवता येईल. पण आतली हाडे, स्नायू, चोचीत पसरलेले मज्जातंतू हे सगळे कोणी शिवू शकत नाही. प्लॅटिपस खरा ठरला.

पण तेथेच गोष्ट संपली नाही. हा प्राणी अंडी घालतो असे ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी सांगत होते. युरोपातील अनेक मोठ्या शास्त्रज्ञांनी ते मानले नाही. केस असलेला प्राणी अंडी कशी घालेल? १८८४ साली विल्यम कॉल्डवेल यांनी क्वीन्सलंडमधील नदीकाठी, त्याच मूळ रहिवाशांच्या मदतीने, पुरावा मिळवला आणि तारेने बातमी कळवली. शॉ यांच्या वर्णनानंतर त्याला ८५ वर्षे लागली. बनावट वस्तूला खरी मानणे ही एक चूक. तशीच खऱ्या गोष्टीला 'असे असूच शकत नाही' म्हणून नाकारणे हीही चूकच. पहिल्या चुकीला आपण हसतो, दुसरी मात्र सहसा आपल्या लक्षातही येत नाही.

जलपरीची कमाई

पूर्वेकडून येणाऱ्या ज्या जलपऱ्यांचा उल्लेख वर आला त्या मुख्यतः जपानी कारागिरांच्या. जपानी भाषेत त्यांना 'निंग्यो' म्हणतात. सॅम्युअल ईड्स या अमेरिकन कप्तानाने १८२२ साली बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, अशी एक जलपरी पाहिली आणि तो तिच्यावर इतका भाळला की तिच्यासाठी त्याने आपले जहाज विकले. जहाजात त्याचा स्वतःचा हिस्सा फक्त एक अष्टमांश होता!

लंडनला विल्यम क्लिफ्ट यांनी ती जलपरी तपासली. प्लॅटिपसचे विच्छेदन करणाऱ्या एव्हरार्ड होम यांचेच हे सहायक. कवटी ओरँगउटानची, जबडा आणि दात बबून माकडाचे आणि खालचा भाग मोठ्या माशाचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो जाहीर झाला, काही महिन्यांत गर्दी ओसरली आणि ईड्स कर्जात बुडाला.

त्याच्या मृत्यूनंतर मुलाने विकलेली जलपरी बोस्टनच्या मोझेस किंबॉल यांच्याकडे गेली आणि १८४२ साली त्यांच्याकडून न्यूयॉर्कच्या फिनिअस बार्नम यांनी भाड्याने घेतली. बार्नम यांनी आत्मचरित्रात सांगितलेला एक प्रसंग मार्मिक आहे. भाड्याने घेण्यापूर्वी त्यांनी ती आपल्या निसर्गतज्ज्ञाला दाखवली. ही कशी तयार केली असेल ते सांगता येत नाही, असे तो म्हणाला. मग ती बनावट कशावरून? तर माझा जलपऱ्यांवर विश्वास नाही म्हणून, असे उत्तर आले. हे काही कारण झाले नाही, असे म्हणत बार्नम यांनी सौदा पक्का केला. जाहिरातींत सुंदर तरुणीची चित्रे छापली. आत पेटीत मात्र सुमारे तीन फूट लांबीची, सुकलेली, भेसूर वस्तू होती. संग्रहालयाचे उत्पन्न त्या चार आठवड्यांत आधीच्या जवळजवळ तिप्पट झाले.

बार्नम लबाड होते यात शंका नाही. पण त्या संवादात तर्काच्या बाजूने पाहिले तर बोलणे त्यांचे बरोबर होते! निसर्गतज्ज्ञाचा निष्कर्ष खरा होता, पण त्याने दिलेले कारण पोकळ होते. तेच कारण प्लॅटिपसलाही लावता आले असते. क्लिफ्ट यांनी दात पाहिले, कवटी पाहिली. या गृहस्थांनी स्वतःच्या मनात पाहिले.

क्ष-किरणांनी काढलेली शिवण

'माकडाला मासा शिवला की जलपरी होते' हे स्पष्टीकरण पुढे इतके रूढ झाले की ते पुन्हा तपासावे असे कोणाला वाटले नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात अशीच एक वस्तू 'जपानी माकड-मासा' म्हणून ओळखली जाई. या शतकात तिची सीटी स्कॅन तपासणी झाली. या पद्धतीत क्ष-किरण अनेक कोनांतून सोडतात आणि संगणक त्यांवरून वस्तूचे एकावर एक 'काप' तयार करतो. धातू क्ष-किरण सर्वांत जास्त अडवतो, हाड त्याहून कमी आणि लाकूड, कागद आणखी कमी. त्यामुळे वस्तू न फोडता आत काय आहे ते कळते. या 'माकड-माशा'त माकडाचे एकही हाड नव्हते! लाकूड, तार, माती, कागद आणि माशाचे जबडे व शेपटी यांतून तो घडवला होता. जलपरी न मानणारे लोकही इतकी वर्षे एक न तपासलेली गोष्ट सांगत होते.

जपानमधील ओकायामा प्रांतातल्या एका मंदिरात सुमारे ३० सें.मी. लांबीची 'जलपरी' जपून ठेवलेली आहे. ती १७३६ ते १७४१ या काळात समुद्रात सापडल्याची चिठ्ठी तिच्या पेटीत होती. मंदिराच्या संमतीने कुराशिकी येथील विद्यापीठाने २०२२ साली तपासणी सुरू केली आणि २०२३ साली निष्कर्ष जाहीर केले. आत पाठीचा कणा नाही, बरगड्या नाहीत. कापड, कागद आणि कापूस भरलेला. वरच्या भागावर फुग्यामाशाची कातडी, जबडा मांसाहारी माशाचा, केस सस्तन प्राण्याचे. खालचा भाग आपल्याकडच्या घोळ आणि ढोमा यांच्या कुळातील माशाचा. किरणोत्सर्गी कार्बनच्या प्रमाणावरून ती १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातील असावी असे दिसले. म्हणजे चिठ्ठीही खरी नव्हती. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्या जलपरीपुढे आरोग्यासाठी हात जोडत आले होते. संशोधकांनी त्यांची टर उडवली नाही. वस्तू कशाची आहे एवढेच सांगितले.

आपल्या बाजारातली 'मुळी'

हे सगळे दूरदेशीचे आणि जुने, असे वाटून घेण्याचे कारण नाही. आपल्याकडे 'हाताजोडी' किंवा 'हत्ताजोडी' या नावाने एक वस्तू विकली जाते. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ही दुर्मिळ वनस्पतीची मुळी आहे, ती घरात ठेवली की पैसा येतो, असे विकणारे सांगतात. २०१७ साली वन्यजीव अभ्यासकांनी हा व्यापार उघडकीस आणला. प्रयोगशाळेतील तपासणीत ही 'मुळी' म्हणजे नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रिये असल्याचे दिसून आले. काही ठिकाणी तर त्यांचे प्लॅस्टिकचे साचेही विकले जात होते. म्हणजे बनावट वस्तूचीही बनावट!

येथे फसवणुकीची दिशा उलटी आहे. पाकटाचा राक्षस करणाऱ्याने साध्या माशाला अद्भुत रूप दिले; येथे प्राण्याला मुळी म्हणून विकले जाते. नुकसान मात्र फार मोठे आहे. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण आहे. आपण मुळी घेतो आहोत असे समजणारा ग्राहक नकळत एका संरक्षित प्राण्याच्या हत्येला पैसा पुरवतो. हॅम्बुर्गच्या हायड्रात फक्त मालकाचे पैसे बुडाले. येथे जिवंत प्राणी मारले जातात.

वर्गात काय करता येईल?

समुद्रकाठच्या शाळांना पाकट सहज मिळतो. विद्यार्थ्यांना तो आधी उलटा दाखवावा, दिसेल तसे चित्र काढायला सांगावे आणि 'डोळ्यां'ना नाव द्यायला सांगावे. मग मासा पलटावा. ज्यांना मासा मिळणार नाही त्यांनी पंखवाला घोडा, मत्स्यकन्या, नरसिंह यांची चित्रे घ्यावीत आणि प्रत्येकाच्या सांगाड्याचे कच्चे चित्र काढायला सांगावे. पंखाचे हाड खांद्याला जोडायचे तर पुढच्या पायाचे कोठे? पोटाखालचे अवयव माशाचे की माणसाचे? श्वास कल्ल्यांनी घ्यायचा की फुप्फुसांनी? चित्र चुकले तरी हरकत नाही. प्रश्न बरोबर पडले पाहिजेत. त्यानंतर प्लॅटिपसचे आणि उडत्या सरड्याचे चित्र, नाव न सांगता, त्याच चित्रांत मिसळून द्यावे.

आमचा अनुभव असा, की पुष्कळ मुले प्लॅटिपसला लगेच 'खोटा' म्हणतात. त्यांना हसू नये आणि उत्तरही लगेच सांगू नये. ''कशावरून?'' एवढेच विचारावे. ''असे कधी पाहिले नाही'' असे उत्तर आले तर बार्नम यांच्या निसर्गतज्ज्ञाची गोष्ट सांगावी. ''आधी चोचीजवळ शिवण आहे का ते पाहू'' असे एखादी मुलगी म्हणाली, तर ती १७९९ सालच्या जॉर्ज शॉ यांच्या टेबलापाशी पोहोचली आहे असे समजावे आणि तिच्या हाती भिंग द्यावे.